दोन लिप्यांच्या वाचनालयासाठी सॉफ्टवेअर : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमच्या गावचं वाचनालय. सहा हजारांच्या आसपास पुस्तकं. बहुतेक मराठी, थोडी इंग्रजी, आणि एक कपाट कन्नड. हायस्कूलची मुलं मागतात म्हणून ते कपाट दरवर्षी वाढतंय. दाखल नोंदवह्या हाताने लिहिलेल्या आहेत, जुन्या वह्यांची पानं हात लावला की तुटतात. मधल्या काळात कुणीतरी बेळगावात खडेबाजारच्या एका डीटीपीवाल्याकडून पुस्तकांची यादी टाइप करून घेतली होती, ती फाइल आहे. संगणक देणगीतला : चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, त्यावर विंडोज १०.

समितीचा ठराव असा, की तालिका आणि देवघेव दोन्ही संगणकावर आणायची, दिवाळीनंतर वापर सुरू. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते माझ्यावर सोपवलंय. या वह्या पन्नास वर्षं टिकल्या. आपण जे बसवू ते निदान ग्रंथपाल बाईंच्या निवृत्तीपर्यंत तरी टिकलं पाहिजे, एवढी जबाबदारी मला वाटते.

१५ जून २०२५

समितीच्या बैठकीत खजिनदार तात्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "एक्सेल आहे की ओ, अजून काय पायजे?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सहा हजार ओळी एक्सेलला काहीच नाहीत, आणि नुसती यादीच करायची असती तर मी तिथंच थांबलो असतो. पण देवघेव ही यादी नव्हे. कुठलं पुस्तक कुणाकडे, कधीपासून, त्यासाठी रांगेत कोण, वर्गणी थकली का, अनामत किती, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. दोन जण एकाच वेळी नोंद करू लागले की पत्रकाचा गोंधळ होतो.

दुसरा पर्याय ई-ग्रंथालय. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेलं, पैसे लागत नाहीत, भारतीय ग्रंथालयं डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. मात्र त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, आपल्या हातात येत नाही, आणि आताची आवृत्ती क्लाउडवर, म्हणजे नेटवरून दूरच्या सर्व्हरवर चालते. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत नेट म्हणजे नशिबाचा भाग. सर्व्हर दूर असेल तर पावसात पुस्तक द्यायचं कसं?

तिसरा कोहा, वाचनालयाची तालिका आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. याचा इतिहास मी समितीला मुद्दाम सांगितला. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या वाचनालयांपुढे प्रश्न होता, की त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती आणि बाजारातली नवी परवडत नव्हती. त्यांनी कटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून वेबवर चालणारी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली, आणि जीपीएल परवान्याखाली (वापरा, बदला, वाटा अशी मुभा देणारा) सगळ्यांसाठी खुली केली गेली. म्हणजे हे सॉफ्टवेअर जन्मलंच लहान वाचनालयाच्या अडचणीतून. एवढं ऐकल्यावर तात्या म्हणाले, "मग आपल्यासारखीच माणसं की ओ ती."

ठरलं नाही. पुढच्या रविवारी परत बसायचं.

२२ जून २०२५

आज भाचा आला होता, बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. त्याचं मत ठाम : कोहा घ्यायचंच, पण का, तर ते मुक्त आहे म्हणून, चांगलं आहे म्हणून नव्हे. बंद सॉफ्टवेअर चांगलं असलं तरी वापरू नये. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तेव्हापासूनची ही भूमिका आहे : प्रोग्रॅम चालवण्याचं, अभ्यासण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असलंच पाहिजे, ते नसेल तर सॉफ्टवेअर कितीही उपयोगी असो. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव पुढे आलं ते बरोबर उलट्या बाजूने, की हे तत्त्वज्ञान बाजूला ठेवा, या पद्धतीने सॉफ्टवेअर चांगलं बनतं एवढंच उद्योगांना सांगा. भाचा पहिल्या पंथाचा. मी नोकरीत आयुष्यभर दुसऱ्या पंथाच्या माणसांत वावरलो.

मी त्याला बिटकीपरची हकिकत सांगितली. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, काम वाढत गेलं तसं तिचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने २००२ पासून कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला बिटकीपर हे बंद, एका कंपनीच्या मालकीचं साधन वापरायला सुरुवात केली. त्याचं कारण साधं होतं : त्या वेळी त्याच्या कामाला पुरेल असं मुक्त साधन त्याला दिसत नव्हतं. स्टॉलमनसह अनेकांनी टीका केली. काम मात्र खरोखर वेगाने पुढे गेलं. मग अँड्रू ट्रिजेल या प्रोग्रॅमरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं मुक्त साधन लिहायला घेतलं, आणि २००५ मध्ये कंपनीने फुकट परवाना काढून घेतला. टॉरवाल्ड्सने एप्रिलमध्ये त्याच कामासाठी स्वतःच गिट हे मुक्त साधन लिहायला घेतलं आणि जूनमधली २.६.१२ ही कर्नलची आवृत्ती गिटवरून बाहेर पडली.

भाचा म्हणाला, "बघा मामा, शेवटी स्टॉलमनच बरोबर ठरला." मी म्हटलं, तीन वर्षं काम अडलं नाही हेही खरं आहे ना? दोघांनाही आपापला पुरावा यातच सापडतो.

रात्री विचार करताना मला यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटली. टॉरवाल्ड्स बिटकीपरमध्ये शिरू शकला, कारण बाहेर ढकललं गेल्यावर तो काही आठवड्यांत गिट लिहू शकत होता. आमच्या वाचनालयात गिट लिहिणारा कुणी नाही. बाई आहेत, तात्या आहेत, सुट्टीला येणारा मी आहे. ज्याच्याकडे ताकद आहे त्याला व्यवहारी होणं परवडतं. ज्याच्याकडे नाही त्याने आत शिरण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवली पाहिजे. तेव्हा निवडीची कसोटी मी अशी लिहून ठेवतो : आपल्या नोंदी, सगळ्याच्या सगळ्या, कुणाची परवानगी न घेता, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येतील अशा रूपात, उद्या सकाळी बाहेर काढता येतात का? येत असतील तर साधन कुठलंही चालेल. येत नसतील तर ते फुकट असो वा महाग, घ्यायचं नाही.

कोहा या कसोटीला उतरतं. नोंदी मार्क २१ मध्ये, जे स्वरूप जगभरची ग्रंथालयं वाचतात. ठरलं.

२९ जून २०२५

जुन्या यादीची फाइल उघडली. हे काम आठवडाभर पुरेल असं दिसतंय.

फाइल पेजमेकरची, म्हणजे छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची. आपल्याकडच्या छापखान्यांचं एक अख्खं युग या साधनावर उभं राहिलं : लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायट्यांचे अहवाल. सातवी आवृत्ती शेवटची, ती २००१ सालची. खडेबाजारच्या डीटीपीवाल्या मामांकडे ते अजून चालतं आणि त्यांचा हात त्यावर जो फिरतो तो बघत राहावा. आमच्याकडे मात्र ते नाही. भाच्याने लिबर ऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून बघितली आणि ती उघडली! कुणी कुणी स्वयंसेवकांनी पेजमेकरच्या फाइलींची रचना उलगडून त्या वाचणारा कोड लिहिला, तो २०१५ पासून लिबर ऑफिसमध्ये आहे. मांडणी विस्कटली होती, पण आम्हाला मजकूरच हवा होता.

आणि मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा राडा. कारण टाइप केलंय ते युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणारं मानक) आधीच्या फाँटमध्ये. त्या फाँटांची युक्ती अशी, की रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे : कुठे अर्धा स, कुठे काना, कुठे रफार. फाँट लावला की मराठी दिसतं, काढला की काहीच उरत नाही. आयएससीआयआय नावाचं अक्षरांच्या आकड्यांचं भारतीय मानक १९९१ मध्ये पक्कं झालेलं होतं, पण डीटीपीच्या फाँटांनी आपापले नकाशे केले, प्रत्येक कंपनीचा वेगळा. त्या काळी संगणकावर सुबक मराठी उमटवायची तर दुसरा मार्ग कमीच होता, तेव्हा त्यांना दोष देत नाही. पण हजारो गावांच्या, संस्थांच्या नोंदी अशा अडकून पडल्या आहेत आणि ते बघून जीव तुटतो.

नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी आधी टाइप होते. 'स्थिती'त आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे वेलांटी पूर्ण जोडाक्षरानंतर. रफार उलटा : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे वेलांटी कुठल्या जोडाक्षरापर्यंत ढकलायची हे ओळखावं लागतं. भाच्याने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तक्ता आणि हे दोन नियम लिहून परिवर्तक केला. मामांनी त्यांच्या मशीनवर तीच पानं फाँटासकट छापून दिली, म्हणजे ताडून बघता येईल. पैसे घ्यायला तयार नव्हते.

६ जुलै २०२५

पाऊस. वीज नाही.

१३ जुलै २०२५

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, विंडोजऐवजी डेबियन १२ ही लिनक्सची मुक्त प्रणाली घातली, त्यावर कोहा. विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि नवा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय. म्हणजे या संगणकाच्या बाबतीत आदर्श आणि सोय यांच्यात वादच नव्हता. डेबियन नसतं तर चांगलं चालणारं यंत्र भंगारात गेलं असतं.

यूपीएसची बॅटरी नवी घेतली. कोहा रोज रात्री स्वतःची प्रत काढून ठेवतं, पण ती त्याच डिस्कवर. त्यामुळे दर शनिवारी पेन ड्राइव्हवर एक प्रत, आणि महिन्याला एक प्रत टिळकवाडीत माझ्या घरी.

२० जुलै २०२५

पहिल्या काही शे नोंदी भरून शोध करून बघितला आणि अडलो. 'वाऱ्यावर' असं शोधलं की पुस्तक सापडत नाही. डोळ्यांसमोर नोंद आहे, अक्षरं तीच, शोधाला दिसत नाही.

कारण सापडायला वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहितो. वाऱ्या, दऱ्या, दुसऱ्या यांतला तो र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचं जोडक, जे डोळ्यांना दिसतच नाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. आमच्या परिवर्तकाने दुसरा प्रकार वापरला होता, बाई कळफलकावरून पहिला टाइप करतात. तसंच 'ॲ'चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला.

मराठीखेरीज फार थोड्या भाषांना हा र छळतो. बाजारातल्या कुठल्या विक्रेत्याला मी हे कळवलं असतं, तर आमच्यासाठी त्याने प्रोग्रॅम का बदलावा? इथे मात्र कोहाच्या शोधयंत्राची, झेब्राची, एक साधी मजकुराची फाइल असते, त्यात शोधाआधी शब्दांवर कुठले संस्कार करायचे ते लिहिलेलं असतं. आधी आयसीयू ही युनिकोड हाताळणारी पद्धत निवडायची (भारतीय लिप्यांना तीच लागते), मग त्या फाइलीत नियमाच्या दोन ओळी : जोडकवाला र दिसला की ऱ समजायचं, अ वर चंद्र दिसला की ॲ समजायचं. शब्दांची आणि वाक्यांशांची अशा दोन फाइली असतात, दोन्हींत घालायचं. मग शोधाची अनुक्रमणी (इंडेक्स) संपूर्ण नव्याने बांधायची. 'वाऱ्यावर' सापडलं, कसंही टाइप केलं तरी.

भाच्याला आनंद झाला तो तत्त्वाचा. मला झाला तो पुस्तक सापडल्याचा. पण आज आम्ही दोघं एकाच ठिकाणी उभे होतो हे मला लिहून ठेवावंसं वाटतं. मोठ्या भाषेच्या, मोठ्या शहराच्या माणसाला कोड बदलण्याचं स्वातंत्र्य ही तत्त्वाची बाब वाटू शकते, कारण त्याच्या गरजा विक्रेत्याने आधीच ओळखलेल्या असतात. सीमेवरच्या, एका खोलीत दोन लिप्या नांदवणाऱ्या वाचनालयाची बाजारपेठ कुणीही मोजत नाही. आम्हाला जे हवं ते आम्हालाच घालून घ्यावं लागणार, आणि ते घालायला जागा असणारं साधन हेच आमच्यासाठी कामाचं साधन.

(दोन्ही ओळींची प्रत वहीत चिकटवली. नवी आवृत्ती चढवताना त्या पुसल्या गेल्या नाहीत ना, ते बघायचं.)

३ ऑगस्ट २०२५

कन्नड कपाट. कन्नड शाळेचे निवृत्त सर स्वतःहून आले, नोंदी तपासून देतो म्हणाले. शीर्षक कन्नड लिपीतच घालायचं, आणि पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात देवनागरीत तेच. आमच्याकडे कन्नड फाडफाड बोलणारे पण वाचता न येणारे पुष्कळ आहेत. आई बोलते, मुलगी वाचते. आईला शीर्षक देवनागरीत सापडलं तर ती मुलीसाठी घेऊन जाईल.

पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड ८९४.८१४. मध्ये रशियन वगैरे अनेक भाषा येतात. भाषाकुलांप्रमाणे ते बरोबर असेल, आमच्या खोलीत कपाटं शेजारीच राहतील.

गावाच्या नावाची अडचण आली. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, मराठी पुस्तकांवर बेळगाव, जुन्या इंग्रजी पुस्तकांवर बेलगाम. पुस्तकावर छापलंय तसं प्रकाशनस्थळी ठेवायचं, आणि विषयाच्या अधिकृत नोंदीत तिन्ही नावं एकमेकांना जोडून द्यायची. कुणी कुठल्याही नावाने शोधो, पुस्तक मिळालं पाहिजे. सर आणि बाई दोघांनाही हे पटलं, चर्चा तिथेच संपली.

१७ ऑगस्ट २०२५

आज भाचा नाराज झाला.

जुन्या नोंदवह्यांची पानं स्कॅन करून ठेवायची आहेत. देणगीतला स्कॅनर डेबियनवर चालत नाही, त्याचा चालक प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी आहे. भाच्याचं म्हणणं, दुसरा स्कॅनर घेऊ. माझं म्हणणं, पैसे नाहीत आणि वह्या दरवर्षी झिजतायत. तात्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवरून स्कॅन करायचं, फाइली टिफ आणि पीडीएफमध्ये ठेवायच्या, विषय संपला. त्या फाइली उद्या कुठेही उघडतील.

वार्षिक अहवालही डीटीपीवाले मामाच करणार, त्यांच्याच साधनावर. पानं मांडायच्या स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरची १.६ आवृत्ती आता देवनागरी नीट जुळवते, मी करून बघितलंय. म्हणून मामांचा वर्षानुवर्षांचा हात मी मोडायला सांगू? त्यांना एवढंच सांगितलंय, की मजकूर आम्ही युनिकोडमध्ये देतो, तो आमच्याकडे राहील, छपाईसाठी तुम्ही तो हवा तसा वळवा.

आणि सभासदांना निरोप व्हॉट्सॲपवर. तिथे गाव आहे. सभासदांची यादी, कुणी काय वाचलं, थकबाकी, यांतलं काहीही मात्र तिकडे जाणार नाही. कुणी काय वाचलं ही त्या माणसाची खाजगी गोष्ट आहे, याबाबतीत मी भाच्यापेक्षाही कडक आहे.

तो म्हणाला, "मग तत्त्व कुठं राहिलं?" मी म्हटलं, जिथे नोंदी राहतात तिथे. त्याला पूर्ण पटलेलं नाही. त्याने तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. लिबर ऑफिसमध्ये ती फाइल उघडली ती त्याच्यासारख्या हट्टी माणसांमुळेच.

३१ ऑगस्ट २०२५

गणपती. आठवडाभर वाचनालय बंद.

१४ सप्टेंबर २०२५

बाईंनी पडद्यावरचे शब्द बदलून मागितले. कोहाची भाषांतरं साध्या फाइलींत असतात, त्यामुळे त्यांना रोज लागणारे शब्द त्यांच्या बोलण्यातले घातले : दिलं, आलं, मुदत वाढवली, थकलं. शिकायला त्यांना जे आठवडे लागतील असं मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी लागले.

नोंदी भरण्याचा वेग मात्र कमी आहे. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून आयत्या उतरवता येतात. मराठी पुस्तकांच्या मिळतात त्या बहुतेक रोमन लिपीत, आमच्या वाचकाला निरुपयोगी. म्हणजे प्रत्येक नोंद हाताने तपासणं आलं. हायस्कूलच्या मुली शनिवारी येतात, त्यांच्यामुळे हे काम होतंय.

१२ ऑक्टोबर २०२५

हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, आमचेही संगणक विंडोज १० चे आहेत, सगळ्यांवर डेबियन घालून देता का. मी लगेच हो म्हटलं नाही. म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, हजारो संगणक वळवले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा ठराव केला. केरळच्या शाळांत मात्र मुक्त सॉफ्टवेअर गेली कित्येक वर्षं मुलं वापरतायत, कारण तिथे शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मल्याळममधलं काम आधी झालं. आधी दोन शिक्षकांनी वाचनालयात येऊन महिनाभर हे यंत्र वापरावं, मग बोलू, असं त्यांना सांगितलंय.

२६ ऑक्टोबर २०२५

देवघेव सुरू. पहिल्या दिवशी वही आणि संगणक दोन्ही चालवले. संध्याकाळी ताळा जमला.

९ नोव्हेंबर २०२५

आज खरी परीक्षा घेतली. वाचनालयाचा संगणक बंद करून बाजूला ठेवला. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर कोरं डेबियन आणि कोहा घालून दिलं, आणि पेन ड्राइव्हवरची शनिवारची प्रत बाईंनी आणि दोन मुलींनी वहीतल्या पायऱ्या वाचून चढवली. मी आणि भाचा खोलीबाहेर. दोन ठिकाणी त्यांनी हाक मारली, दोन्ही ठिकाणी वहीत पायरी नीट लिहिलेली नव्हती, ती दुरुस्त केली. नंतर 'वाऱ्यावर' शोधलं तर सापडलं नाही, कारण नियमाच्या त्या दोन ओळी प्रतीत येत नाहीत, त्या वेगळ्या घालाव्या लागतात. मुलींनी वहीतून उतरवून घातल्या, अनुक्रमणी बांधली.

सगळ्या नोंदी मार्कमध्ये बाहेर काढून एक वेगळी फाइलही ठेवली, एक्सेलमध्ये उघडणारी यादी काढून तात्यांना दिली. त्यांनी ती तिथेच चाळायला घेतली.

बाकी कामं : ऱ आणि ॲ च्या नियमांचं टिपण इंग्रजीत लिहून कोहाच्या मंडळींकडे पाठवायचं, भाच्याने घेतलंय. कन्नडमध्ये अशाच न दिसणाऱ्या जोडकांनी शोध अडतो का, हे सर पुढच्या रविवारी तपासणार आहेत. कोहाच्या नव्या आवृत्त्या मे आणि नोव्हेंबरात येतात. आपण आत्ताची न घेता पावसाआधी, मेमध्ये चढवायची. स्कॅनिंग : अजून तीन वह्या.